मधलं दार पुरत नाही

घरातले कुत्रा आणि कुत्री सख्खी भावंडं असली की पिल्लांची चिंता नाही, हे मागच्या अंकातल्या पत्रातलं मत वाचून राहवलं नाही. कुत्र्यांना नातं कळत नाही. कुत्री साधारण ६ महिन्यांनी माजावर येते, माज सुमारे ३ आठवडे टिकतो. रक्तस्राव ओसरला की धोका टळला, असं पत्रलेखक म्हणतात. गर्भ राहण्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात! आमच्याकडे माजाच्या काळात कुत्रा-कुत्रीमधलं दार बंद होतं. पाहुण्यांनी उघडलं आणि जेमतेम दोन महिन्यांनी ६ पिल्लं झाली. (दार उघडेपर्यंत बोक्याने, म्हणजे आमच्या कुत्र्याने, जेवण सोडून दाराचा रंग खरवडला होता.) माजाच्या काळात एकाला नातेवाइकांकडे धाडा, नाहीतर पशुवैद्यांना विचारून दोघांची नसबंदी करून घ्या. कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचं दुखणंही नसबंदीने टळतं.

– एक वाचक, सातारा