संसार मोडला, वैर कशाला?

पनागरच्या जोडप्याला घटस्फोट हवा असला, की जबलपूरच्या कुटुंब न्यायालयाच्या पायऱ्या चढायच्या आणि एकमेकांची उणीदुणी अर्जात मांडायची, हा ठरलेला रस्ता. त्याऐवजी 'सहयोगी घटस्फोट' सुचवला, की आक्षेप तयार असतो: हे अमेरिकेचं खूळ!

मूळ अमेरिकेतच आहे. मिनिआपोलिसचे वकील स्टू वेब यांनी १९९० साली ही पद्धत सुरू केली. नवरा, बायको आणि दोघांचे वकील एकत्र बसतात. कुणीही मिळकत लपवायची नाही आणि बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी प्रकरण सोडायचं, असा लेखी करार होतो. भांडण कोर्टात नेऊन वकिलाच्या पदरात काहीच पडत नाही, ही त्यातली खरी मेख.

तडजोड मात्र आपल्याला परकी नाही. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली, लहानपणीच लग्न झालेल्या आपल्या पत्नी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८७ मध्ये उलटा हुकूम झाला, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. त्या खटल्याने बालविवाहाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, हे त्याचं मोठं देणं. पण प्रत्येक संसार इतिहास घडवायला मोडत नसतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: बंद खोलीत बायकोवर दबाव येईल. जातपंचायतीत तो येतोच, कारण तिथे तिच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं. इथे तिचा स्वतःचा वकील शेजारी बसतो. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालच्या, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटात हुकूमनामा होईपर्यंत तिला संमती मागे घेता येते. मारहाण किंवा धाक असेल तिथे मात्र ही वाट धरूच नये. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदाच हवा.

'दोन-दोन वकील परवडणार कुणाला?' हा तिसरा प्रश्न. मग कोर्टातला हिशेबही मांडा. नागपूरच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये मागितलेल्या अंतरिम पोटगीचा वाद २०२० साली सर्वोच्च न्यायालयात मिटला. त्याच निकालाने पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मिळकत आणि देणी शपथपत्रावर उघड करायला लावली. म्हणजे सहयोगी पद्धतीची पहिली अट आपल्या न्यायालयांनी पोटगीपुरती मान्य केलेलीच आहे.

वकिलांनी माघार घेण्याच्या अटीसाठी भारतात वेगळा कायदा नाही. सुरुवात लेखी कबुलीवरच करावी लागेल. स्त्रीधनाचे दागिने कुणाकडे, घराचे हप्ते कोण फेडणार, शाळेची फी कुणाची, दिवाळीची सुट्टी मुलं कुठे घालवणार, हे आधी कागदावर उतरवावं. वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्याला तोच कागद जोडून १३-ब चा संयुक्त अर्ज करता येतो. पुढची सहा महिन्यांची मुदतही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे.