वजनकाट्यावर बॅटमॅन

कॉमिक्समधल्या वीरनायकांचे स्टॅच्यू जमवणाऱ्यांच्या गप्पांत एक मत इतक्या सहजपणे मांडलं जातं, की त्याला कुणी हरकत घेत नाही. स्टॅच्यू जितका मोठा, जड आणि हुबेहूब, आणि त्याच्या प्रती जितक्या कमी, तितका तो दर्जेदार. खोका उचलायला दोन माणसं लागली, बैठकीच्या तळाशी मर्यादित आवृत्तीचा आकडा दिसला, चेहऱ्यावर कातडीची छिद्रंसुद्धा कोरलेली आढळली, की परीक्षा संपली. हे मत अडाण्यांचं नाही. वर्षानुवर्षं जिवापाड संग्रह करणारी माणसंही ते बाळगून असतात. म्हणूनच ते खोडून काढणं गरजेचं आहे.

आधी वजन. ‘पॉलिस्टोन’ हा शब्द कानावर पडला की कोरलेल्या पाषाणाचा भास होतो. प्रत्यक्षात ते पॉलियुरेथेन रेझिनमध्ये दगडाची भुकटी कालवून साच्यात केलेलं ओतकाम असतं. ‘कोल्ड कास्ट पोर्सिलेन’ची गोष्ट तीच. भट्टीत भाजलेल्या चिनी मातीशी त्याचा संबंध नसतो, रेझिनमध्येच पोर्सिलेनची पूड मिसळलेली असते. ही माध्यमं कमअस्सल आहेत असं मुळीच नाही. बारीक कोरीवकाम ती सुरेख पकडतात. पण हाताला लागतो तो भार भुकटीचा. शिल्पकाराच्या हाताचं त्यात काही नसतं.

आकाराचा मुद्दा तर उलटाच फिरतो. पुतळ्याची उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, घोट्याचा छेद मात्र चौपटच वाढतो. म्हणजे घोट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट ओझं येतं. एका पायावर तोलून झेपावणारा स्पायडर-मॅन मोठ्या आकारात घडवायचा तर पायातून धातूची सळई न्यावी लागते. ती नसली तर भरलेलं रेझिन एखाद्या धक्क्याने तडकतं. पीव्हीसीच्या मूर्तीचं दुखणं वेगळं. ती तडकत नाही, पण स्वतःच्याच भाराखाली हळूहळू वाकत जाते, आणि उष्णता हे वाकणं वाढवते. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या अशा मूर्तीची काळजी वाटलीच पाहिजे. मोठेपणा हा गुण नव्हेच. ती शिल्पकाराने ओढवून घेतलेली अडचण असते. त्याने ती सोडवली आहे की नाही, हे घोट्याजवळ पाहावं.

खरा वाद आहे तो हुबेहूबपणाचा.

हुबेहूब, पण कशासारखा? स्पायडर-मॅन हा माणूस कुणी पाहिलेला नाही. जे आहे ते रेखाटन, आणि तेही एकाचं नाही. स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ साली चितारलेला स्पायडर-मॅन सडपातळ, कोनाकोनांचा, काखेत जाळी असलेला आणि जरासा भीतिदायक. १९६६पासून जॉन रोमिटा यांनी त्यालाच देखणा आणि भरदार केला. १९८८मध्ये टॉड मॅकफार्लेन आले. त्यांनी मुखवट्यावरचे डोळे प्रचंड मोठे केले, हातपाय अशक्य वाटावेत असे दुमडले आणि हातातून सुटणाऱ्या जाळ्याला गुंतलेल्या सुतळीसारखे पीळ दिले. मॅकफार्लेन यांच्या रेषेवरून घडवलेल्या पुतळ्याला शरीरशास्त्राचं पुस्तक लावून ‘मांडी अशी वळत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. वळत नाहीच. चित्रात ती वळते, आणि पुतळ्याने चित्राशी इमान राखायचं असतं.

रंगाबद्दलही हेच. हल्क १९६२च्या पहिल्या अंकात करडा होता. करडा रंग छपाईत एकसारखा उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. जुन्या कॉमिक्समध्ये काळ्या कापडावरची चकाकी दाखवायला निळा वापरत, आणि त्यातूनच बॅटमॅनचा झगा कित्येक दशकं निळा दिसत राहिला. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घराघरांत पोचलेला वेताळ, म्हणजेच ली फॉक यांचा फँटम, अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत लाल कपडे घालत असे. फॉक यांच्या मनात तर करडा रंग होता! तेव्हा ‘रंग चुकला’ असा निकाल देण्याआधी, हा पुतळा कुठल्या चित्रकाराचा आणि कुठल्या काळाचा म्हणून घडवला आहे, हे विचारावंच लागतं. करडा हल्क घडवणाऱ्याने चूक केलेली नसते, त्याने पहिला अंक वाचलेला असतो.

खरं कापड वापरलं की पुतळा जास्त खरा होतो, ही समजूतही याच झाडाची फांदी. एकास चार प्रमाणात सहा फूट दोन इंचांचा बॅटमॅन सुमारे ४७ सेंटिमीटरचा होतो, पण कापडाचा धागा काही चौपट बारीक होत नाही. त्याची जाडी आणि ताठरपणा तेवढाच राहतो, वजन मात्र कमी पडतं. त्यामुळे चुण्या मोठ्या आणि फुगीर पडतात, आणि झगा अंगावरून ओघळण्याऐवजी बाहुलीच्या फ्रॉकसारखा उभा राहतो. कुशल कारागीर काठात तार घालून त्याला वळण देतात, आणि ते साधलं तर फार सुंदर दिसतं. तरी ते सौंदर्य कारागिराचं, कापड खरं असण्याचं नाही.

या सगळ्याला सर्वांत ठाम उत्तर डीसीच्या ‘बॅटमॅन ब्लॅक अँड व्हाइट’ या पुतळेमालेने दिलं आहे. साधारण वीतभर उंचीचे हे पुतळे. रंग नाहीत, फक्त काळा, पांढरा आणि करडा. एकेका पुतळ्यात एकेका चित्रकाराचा बॅटमॅन. माइक मिन्योला यांचा बॅटमॅन सावलीच्या ठोकळ्यातून कापून काढल्यासारखा आहे. जिरो कुवाता यांचा साठच्या दशकातल्या जपानी मांगाची सुबक, सरळ रेषा घेऊन उभा राहतो. दोघांच्या चेहऱ्यावर एकही छिद्र कोरलेलं नाही. दोघं शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा, हे त्यांची कॉमिक्स वाचलेला माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकावरून सांगेल. कागदावरची शाईची रेषा त्रिमितीत नेऊनही ती त्याच हाताची वाटावी, ही या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. दर्जाची पहिली कसोटी तीच धरली पाहिजे.

मर्यादित आवृत्तीबद्दल फार बोलायला नको. तळाशी छापलेला आकडा किती नग निघाले ते सांगतो, कसे निघाले ते सांगत नाही. सिलिकॉनचा साचा प्रत्येक ओतकामागणिक झिजतो हे खरं, पण कमी आकड्याची प्रत ताज्या साच्यातूनच आली याची हमी तो आकडा देत नाही. आणि संग्राह्यतेच्या शिक्क्यावर विसंबण्याचा अनुभव याच व्यवसायाने एकदा घेतला आहे. १९९१मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या. पुढे किंमत येईल म्हणून लोकांनी त्या जपून ठेवल्या. काही वर्षांतच ती बाजारपेठ कोसळली, आणि १९९६च्या डिसेंबरात मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

इथे दुसऱ्या टोकाचा आक्षेप येतो. वजन नको, आकार नको, हुबेहूबपणा नको, तर मग उरलं काय? आवड ज्याची त्याची! हा आक्षेप ऐकायला उदार वाटतो. पण तो मान्य केला तर चांगलं काम करणाऱ्या कारागिराचे कष्टच पुसले जातात, म्हणून तोही टाकून दिला पाहिजे.

मानवी डोळ्याचं बुबुळ साधारण १२ मिलिमीटरचं असतं. एकास सहा प्रमाणात ते दोन मिलिमीटरचं होतं. रंगवणाऱ्याची कुंचली अर्धा मिलिमीटर सरकली, की बुबुळ पाव भागाने हललं. वंडर वुमन मग समोर पाहत नाही, तिरळी दिसते. यात आवडीनिवडीचा प्रश्न कुठे आला? पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच सोपवतात, ती याचसाठी. गिऱ्हाईक मात्र आगाऊ नोंदणी करतं ते एकाच निष्णात रंगाऱ्याने रंगवलेल्या नमुन्याचा फोटो पाहून. घरी येणारी प्रत अनेक हातांखालून गेलेली असते. परीक्षा तिची करावी, फोटोची नव्हे.

साच्याच्या दोन भागांमधली सांध्याची रेघ खांद्यावर उरली आहे का, हे बोट फिरवून कळतं. लाल आणि निळ्याच्या सीमेवर रंग ओघळला आहे का, हे डोळ्यांना दिसतं. स्पायडर-मॅनच्या मुखवट्यावरची जाळी दोन डोळ्यांच्या मधल्या बिंदूतून फाकली पाहिजे, आणि तिने गालाच्या, कवटीच्या उंचवट्याबरोबर वळलं पाहिजे. सपाट नक्षी वरून चिकटवल्यासारखी ती कानाजवळ फाटत किंवा दाटत असेल, तर मुखवट्याखाली डोकं आहे याचा घडवणाऱ्याला विसर पडला आहे.

शेवटची कसोटी पाठीमागून घ्यायची. कॉमिक्सच्या चौकटीत चित्रकाराने एकच बाजू काढलेली असते. दुसरी बाजू त्याने काढलीच नाही, तिथे शिल्पकाराला स्वतःच्या समजुतीवर उभं राहावं लागतं. जॅक कर्बी यांच्या ढंगातला कॅप्टन अमेरिका ढाल पुढे करून अंगावर येतो. समोरून ढाल, तारा, आवळलेला जबडा. पुतळा सावकाश फिरवत ढालीच्या मागे गेलं, की तिथे पट्ट्यांत अडकवलेला हात सापडतो. पट्टा ताणलेला आहे का, मनगट ढालीचा भार पेलतंय का, त्याच बाजूचा खांदा त्या भाराने किंचित पुढे आला आहे का, आणि मागच्या पायाची टाच तो सगळा जोर जमिनीत रेटते आहे का, हे तिथे उभं राहून पाहायचं.