आधी भट्टी, मग सिट्रोनेला



शिनोलीच्या पारावर सिट्रोनेला गवताचा विषय निघाला की दोन तट पडतात. आमचे मत असे.

हे गवत आपल्या गवती चहाचे भाऊबंद. पण त्याचा चहा करीत नाहीत, पाल्यातून वाफेवर तेल काढतात. ते साबणात, अगरबत्तीत, अत्तरात जाते. खोबरेलात थोडे मिसळून अंगाला लावले तर डास लांब राहतात, पण तास-दोन तासच. मच्छरदाणी सोडू नये. तेल पोटात तर मुळीच घेऊ नये.

ठोंब एकदा लावले की चार-पाच वर्षे कापण्या मिळतात. जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. पाणी साचलेले मात्र चालत नाही. म्हणून उसाचे रान मोडू नका. निचऱ्याची वरकस जमीन बघा.

खरी गोम पुढेच आहे. शंभर किलो पाल्यातून तेल निघते जेमतेम किलोभर. एवढा पाला लांब वाहून न्यायचा कोणी? खानदेशात रोशा गवताचे तेल काढणारे भट्ट्या रानातच, ओढ्याकाठी लावीत. भट्टी गावाजवळ नसेल तर गवत म्हणजे नुसते गवत!

उसाने आपल्याला हेच शिकवले. १९५० साली प्रवरेकाठी कारखान्याचे धुराडे पेटले, ते शेतकऱ्यांनी भाग गोळा केले म्हणून. तेव्हा ठोंब विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर एकेकट्याने जाऊ नका. दहा-वीस जणांनी एकत्र या, भट्टी नि गिऱ्हाईक लेखी ठरवा.

आधी लगीन भट्टीचं, मग गवताचं!