सुरमई आहे का?

अभ्यंगस्नाने झाली, पाहुणे येऊन गेले, चकलीचा डबा निम्म्यावर आला, की मुंबईच्या घरोघर एक वाक्य ऐकू येते : "एका दिवसात कुठेतरी जाऊन येऊ या!" मग मंडळी गेटवेच्या धक्क्यावर रांगेत उभी राहतात. कोणी घारापुरीची लाँच गाठतो, कोणी मांडव्याची. मोटारवाले २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी घालतात आणि थेट अलिबागच्या वाटेला लागतात. स्वतः सात बेटांच्या शहरात राहणाऱ्याने आणखी एखादे बेट, आणखी एखादा किनारा पाहून यावा, हे चांगलेच. सहलीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते दुपारी एक वाजता पानावर बसल्यावर आपण जो प्रश्न विचारतो त्याच्याशी.

तो प्रश्न असा : "सुरमई आहे का?" सुरमई नसेल तर पापलेट. तेही नसेल तर पनीर, आणि मुलांना नूडल्स!

एका दिवसाच्या सहलीत गावाशी आपला संबंध तो किती येतो? घारापुरीचेच पाहा. बाहेरच्या माणसाला तिथे मुक्काम करता येत नाही. संध्याकाळच्या लाँचने परतावेच लागते. लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण त्याच बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत आणि तिथल्या घरांत कायमची वीज यायला २०१८ साल उजाडले, तीही समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा. हे किती पाहुण्यांना ठाऊक असते? आपण पायऱ्या चढतो, त्रिमूर्तीपुढे उभे राहतो, पायऱ्या उतरतो आणि जेवतो. ते एक जेवण हाच त्या गावाशी आपला खरा व्यवहार. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती आज मुंबईत राणीच्या बागेत उभा आहे. बेटावरची वस्तू मुंबईत आणण्याची खोड जुनी होती. आता मुंबईचे ताट बेटावर नेण्याची नवी खोड आपल्याला जडली आहे.

या पाण्यात काय निघते, हे तरी एकदा पाहावे. इथला कोळी डोलजाळे लावतो. ते भरती-ओहोटीच्या ओढीत एका जागी बांधलेले असते आणि प्रवाहाबरोबर येईल ते पदरात घेते. त्यात येतात बोंबील, मांदेली, करंदी, जवळा. यांतला बोंबील म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच. तो तासातासाला उतरत जातो. म्हणूनच तर त्याला दांड्यांवर वाळवायची युक्ती निघाली. सुरमई बर्फात घालून दिल्लीला धाडता येते आणि ती तिथे बरी लागते. पण सकाळी जाळ्यातून निघालेला बोंबील दुपारी ताटात हवा असेल तर किनाऱ्यावरच यावे लागते. जे फक्त इथेच मिळते ते सोडून, जे कुठेही मिळते ते मागण्यासाठी आपण समुद्र ओलांडून जातो! याला रसिकता म्हणायचे काय?

बरे, हा प्रश्न केवळ चवीचा असता तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. आपला हट्ट समुद्राला महाग पडतो आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो पुष्कळशा माशांच्या विणीचा काळ. आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाळी सहलीला गेलेले आपण ताज्या सुरमईची तुकडी मागतो. हॉटेलवाला ती आणून देतो. कुठून आणि केव्हाची, हे विचारत नाही आपण! पापलेटाची आवक घटत चालली म्हणून त्याला जपावे, या हेतूने २०२३ साली त्याला राज्यमासा ठरवले गेले. तरीही मोठे पापलेट मिळेना तेव्हा तळहाताएवढे पिल्लू तळून समोर येते आणि आपण ते कौतुकाने खातो. मूठभर जातींवर साऱ्या पाहुण्यांची भूक लोटली, तर त्या जाती उरणार कशा?

यावर कोणी म्हणेल, "आम्ही शाकाहारी, आम्ही काय करावे?" त्यांना तर अधिकच सांगायचे आहे. रायगडचे वाल, तांदळाची भाकरी, पावसाच्या तोंडाशी येणारी शेवळे, थंडीत शेताच्या बांधावर लागणारी वालाच्या शेंगांची पोपटी, हे सारे पनीरपुढे कमी पडते काय? अलिबागचा पांढरा कांदा भातानंतर लावतात आणि तो उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. तेव्हा जा आणि माळ घेऊन या. दिवाळीत कोणी नवी म्हणून माळ पुढे केली, तर ती कुठली हे जरा विचारा.

दुसरे म्हणतील, "मुले असले काही खात नाहीत." मुले नूडल्स पोटातून शिकून आली नव्हती! कुरकुरीत तळलेली मांदेली एकदा समोर ठेवून पाहा आणि मग बोला.

हॉटेलवाला म्हणतो, "गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो." त्याचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच दोष त्याचा नसून आपला आहे. त्याला सुरमई साठवून ठेवायला शीतपेटी लागते, भांडवल लागते. पण गावातल्या ज्या बाईच्या घरचा माणूस पहाटे होडीवर जातो, तिला लागते फक्त एवढे, की आपण आदल्या दिवशी सांगावे, "आम्ही सहा जण येतो, जे येईल ते रांधा." मग आपला पैसा चुलीपर्यंत पोचतो. नाहीतर तो धक्क्याजवळच अडतो आणि गावाच्या वाट्याला उरतात आपल्या रिकाम्या बाटल्या.

घरून डबा नेणाऱ्यांना मात्र माझा नमस्कार. ते निदान कोणाकडे खोटे काही मागत नाहीत. डबा परत आणला की झाले.

शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतलेला खांदेरी २०२५ साली जागतिक वारशात गेला. या किनाऱ्यावर आता गर्दी वाढणार आहे. ती गर्दी किनारा खाऊन टाकील की किनाऱ्याला जगवील, हे सरकारी फलकांनी ठरणार नाही. ते ठरेल पानावर बसल्यावर निघणाऱ्या आपल्या पहिल्या वाक्याने. तेव्हा वाचकहो, यंदा सहलीला जरूर जा, मुलाबाळांना घेऊन जा. फक्त "सुरमई आहे का?" हे विचारू नका. विचारा, "आज काय आले आहे?" आणि उत्तरात जे येईल ते आनंदाने जेवा.