पुरोचनाचे घर आणि सहा माणसे

चित्रकथा वाचू नका, त्यांतले खलनायक मूर्ख असतात, असे घरी आपल्याला नेहमी ऐकावे लागते. कारण काय, तर नायक हाती लागला की हा दुष्ट मनुष्य त्याला तिथल्या तिथे मारत नाही. खांबाला बांधतो. खाली मगरींचे तळे, वर करवत, बाजूला टिकटिकणारे घड्याळ. आणि स्वतः हसत हसत निघून जातो! मग नायक सुटणारच. "एवढा खटाटोप कशाला रे?" असे आमचे आजोबा विचारतात. वर्गमित्रांनो आणि भिंतीपाशी थांबलेल्या पालकांनो, मला हे म्हणणे पुरते पटलेले नाही.

काही खलनायक खरेच तसे असतात, हे कबूल. अमेरिकेतल्या मार्व्हलच्या चित्रकथांत १९७८ साली आर्केड नावाचा एक जण आला. दहा लाख डॉलर घेऊन तो माणसे मारायचे काम घेतो, आणि त्यासाठी त्याने मर्डरवर्ल्ड नावाची एक जत्राच उभारली आहे. आपल्याकडच्या जत्रेत मौत का कुआँ असतो ना, तशी. फक्त इथे आत जाणाऱ्याने तिकीट काढलेले नसते. पण गंमत अशी की सापळ्यातून निसटायला तो एक बारीकशी फट ठेवतो. त्याला मारण्यापेक्षा खेळ जास्त आवडतो. रद्दीतून येणाऱ्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळही कितीदा सापडतो नि कितीदा सुटतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीचा, म्हणजे आम्हां हडपसरकरांच्या शेजारचाच. त्याला भेटतात ते साधे चोर नि बदमाश. मगरी पाळायला त्यांना सवड कुठली!

पण या सगळ्यांच्या आधीचा सापळेवाला आपल्याच महाभारतात आहे. त्याचे नाव पुरोचन. अमर चित्रकथेने १९८० नंतरच्या दशकात महाभारत ४२ भागांत काढले, त्यामुळे तो चित्रकथेतलाही खलनायक झाला. दुर्योधनाने त्याला वारणावताला पुढे धाडले आणि पांडवांसाठी घर बांधायला सांगितले. ताग, राळ, तूप, तेल आणि लाख मातीत कालवून भिंती लिंपल्या. घराचे नाव काय ठेवले, तर 'शिव', म्हणजे मंगल!

आता आजोबांचा प्रश्न इथे विचारून बघा. एवढा खटाटोप कशाला? पाठीमागून बाण का नाही मारला? तर दुर्योधनाला पांडव नुसते मेलेले नको होते, ते अपघाताने मेलेले हवे होते. घराला आग लागली, बिचारे गेले, असे लोकांनी म्हणायला हवे होते. लोकांचे पांडवांवर प्रेम होते आणि दुर्योधनाला त्याच लोकांवर राज्य करायचे होते. म्हणून सापळा घरासारखा दिसणे जरूर होते. हा मूर्खपणा नव्हे. मला तर पुरोचन आर्केडपेक्षा हुशार वाटतो, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.

मग तो फसला कशाने? माझ्या मते दोन गोष्टींनी. एक म्हणजे वास. युधिष्ठिराने घरात पाऊल टाकले नि तूप-लाखेचा वास ओळखला. विदुराने निघतानाच त्याला गूढ भाषेत सावध केले होते म्हणा. दुसरी गोष्ट वेळ. पांडवांचा विश्वास बसेपर्यंत थांबायचे, असे पुरोचनाला सांगितलेले होते. तो थांबला वर्षभर! तेवढ्यात विदुराने पाठवलेल्या खनकाने घराच्या मधोमध भुयार खणले आणि तोंडावर फळ्या टाकून जमीन सारखी केली. पुरोचन दारावर पहारा करीत होता, आणि भुयार आत होते. पांडव दिवसा शिकारीच्या निमित्ताने रानातल्या वाटा बघून घेत. ज्याला फसवायचे तोच एक वर्ष फसल्याचे नाटक करीत होता, हे मला फार आवडते.

इथपर्यंत सगळ्यांना आवडते. पुढचे कुणी सांगत नाही.

त्या रात्री कुंतीने अन्नदान केले. जेवायला एक निषाद बाई आपल्या पाच मुलांना घेऊन आली. निषाद म्हणजे रानात, नदीकाठी राहणारे, शिकार नि मासेमारी करणारे लोक. ती जेवली, मद्य प्याली आणि मुलांसह तिथेच झोपली. मग भीमाने आग लावली. पांडव भुयारातून गेले. पुरोचन जळाला, आणि ती सहाही जळाली. सकाळी लोकांना एक बाई आणि पाच पुरुष यांचे देह सापडले, म्हणून सगळे कुंती आणि पांडवांसाठी रडले. खनकाने राख सारता सारता भुयाराचे तोंडही बुजवून टाकले.

कोणी म्हणेल, ती बाई योगायोगाने आली. आदिपर्वात तसेच लिहिले आहे, दैवाने आली म्हणून. पण त्याच्या थोडे आधी धर्मराज भावांना सांगतो की पुरोचनाला जाळून, सहा जीव इथे ठेवून आपण गुपचूप निसटू. सहा! मोजून सहा. हे मला गुरुजींनी पुस्तकात दाखवले, तेव्हापासून मला राहून राहून वाटते की सापळा पुरोचनाने बांधला खरा, पण तो चालवला पांडवांनी. आर्केडच्या सापळ्यातून शूर माणसे सुटतात आणि आपण टाळ्या वाजवतो. या सापळ्यातूनही शूर माणसे सुटली. त्यांच्या जागी जे राहिले त्यांची नावेसुद्धा महाभारतात नाहीत. आमच्या वर्गात बांधकामावरच्या मजुरांची मुले येतात, काम संपले की जातात. त्यांची नावे पटावर असतात तरी, पण आम्हांला कुठे पाठ असतात?

पांडवांना दुसरा इलाज नव्हता, असे माझा मित्र म्हणतो. लोकांना मृतदेह दिसले नसते तर दुर्योधनाने शोध सुरू केला असता, हे खरे आहे. तरी मला वाटते, निदान गोष्ट सांगताना लपवू नये.

यंदा संमेलनात लाक्षागृहाचे नाटक बसवायचे चालले आहे. त्यात पुरोचन आहे, खनक आहे, विदुराचा दूत आहे. निषादी नाही. विचारले तर वेळ कमी आहे, असे उत्तर मिळाले. पण त्यांचे काम किती? पंगतीत येऊन बसायचे, जेवायचे आणि घोंगडी अंथरून झोपायचे. पाच मिनिटांच्या वर लागणार नाहीत. बोलायला एकही वाक्य नाही, त्यामुळे पाठांतराचा त्रासही नाही. माझ्याकडे भीमाचे काम आहे, ते मी दुसऱ्याला द्यायला तयार आहे. म्हणजे मी एक झालो. अजून चार मुलगे आणि आईच्या कामाला एक मुलगी हवी. ज्यांना यायचे त्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटावे. आपण सगळे मिळून पुन्हा एकदा विचारून बघू. घरच्या जुन्या घोंगड्या कुणी पालकांनी दिल्या तर बरे होईल.