ऊन अडवा, उजेड नको



उष्णता तीन वाटांनी प्रवास करते: वहन, अभिसरण आणि प्रारण. हा धडा आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो, फळ्यावर चित्रे काढतो. पण स्वतःच्या घरात तो समजायला आम्हाला दोन उन्हाळे लागले.

आमचे घर सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. अम्मींच्या खोलीला एकच मोठी खिडकी, तीही पश्चिमेला. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जोहरच्या नमाजनंतर ऊन थेट पलंगावर येते. वर छज्जा आहे, पण दुपार कलली की सूर्य खाली उतरतो आणि ऊन छज्ज्याखालून आत शिरते. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जाड पडदा लावला. खोलीत अंधार झाला, पण ती तापायची काही थांबली नाही. ऊन आधी काचेतून आत येई, मग पडद्यावर पडे. तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडी.

दुसऱ्या उन्हाळ्यात गडद तपकिरी काच बसवली. वाटले, जितकी काळी तितकी थंड. पण अशी काच ऊन शोषून स्वतःच तापते आणि त्यातली काही उष्णता आत देते. दुपारी हात लावला तर चटका बसे. अम्मींची नजर अधू. भरदिवसा ट्यूबलाइट लावून त्यांना तिलावत करावी लागे. एक दिवस त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, ऊन अडवलंत ते बरं केलंत. पण माझा उजेड का नेलात?"

हा प्रश्न मनाला लागला. मग आम्ही माहिती काढायला बसलो.

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. त्यातून उजेड मिळत नाही, फक्त खोली तापते. 'लो-ई' नावाच्या काचेवर धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, केसाहून कितीतरी बारीक थर असतो. आपल्यासारख्या उष्ण भागासाठी बनवलेली अशी काच या किरणांचा बराच भाग बाहेरच परतवते आणि उजेड मात्र पुष्कळसा आत सोडते.

दुकानात गेल्यावर काचेचा रंग पाहू नका, दोन आकडे विचारा. पहिला 'एसएचजीसी', म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते. साध्या पारदर्शक काचेचा हा आकडा सुमारे 0.8 असतो, चांगल्या काचेचा 0.3 च्या आसपास. तो जितका कमी तितके बरे. दुसरा 'व्हीएलटी', म्हणजे किती उजेड आत येतो. हा फार कमी असेल तर खोलीत अंधार होईल. केंद्र सरकारने 2018 साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यातही भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातलेली आहे.

दोन काचांमध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच आणखी चांगली. तिच्यामुळे बाहेरच्या गरम हवेची झळही कमी पोहोचते. पण आमच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खाचेत ती मावेना. म्हणून एकेरी वापरता येईल असा पक्का थर दिलेली काच घेतली. काही थर नाजूक असतात. ते दुहेरी काचेच्या आत बंदच असावे लागतात. त्यामुळे थर कोणता आणि त्याची बाजू आत हवी की बाहेर, हे विचारूनच काच बसवून घ्यावी.

ही काच महाग पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून सगळे घर बदलायला निघू नका. आधी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावून पाहा. ऊन काचेला लागण्याआधीच अडते, खर्चही थोडा. दुपारी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम असते, तेव्हा खिडक्या मिटून घ्या आणि मगरिबनंतर समोरासमोरच्या उघडा. एवढ्याने भागले तर उत्तमच. जिथे चिक टांगता येत नाही किंवा उजेड हवाच आहे, त्या एका खिडकीची काच बदला. खिडकीच्या फटीही बुजवून घ्या, नाहीतर फटीतून झळ येतच राहील.

आमच्या इमारतीत बाहेर चिक टांगायची परवानगी नाही, म्हणून आम्ही एकच खिडकी बदलली. खोली काही थंडगार झाली नाही. पंखा लागतोच. कूलरही लागतो, पण पूर्वीपेक्षा उशिरा सुरू होतो. तपकिरी काचेचे पैसे मात्र वाया गेले, ते आमच्या अज्ञानाचे मोल. तुमचे तरी वाचावेत, म्हणून हे सारे लिहिले.

ट्यूबलाइट आता दिवसा बंद असते. जोहरनंतर अम्मी पुन्हा खिडकीपाशी बसतात, मांडीवर रिहल घेऊन.