उसाला कळतं, आपल्यालाही कळावं
सभासद बंधूंनो, दारी आला तो पाहुणा की चोर, हे उसाच्या पेशीलाही ओळखावं लागतं. बुरशीच्या कवचातलं कायटिन जाणवलं की पेशी आपली भिंत जाड करते. प्रसंगी स्वतः मरून रोगाची वाट अडवते. अ‍ॅसेटोबॅक्टरला मात्र ती थारा देते. १९८८ साली ब्राझीलमधील उसातून नोंदवलेला हा जिवाणू साखर खातो अन् हवेतला नत्र देतो. युरियाचा मारा केला, की त्याची संख्या घटते.

काणीचं बेणं लावलं तर चोर आधीच घरात! मग पेशीनं दार लावून काय उपयोग? म्हणून आमचं स्पष्ट मत आहे : बेणं निरोगी मळ्यातलंच घ्या, आधी बुरशीनाशक, नंतर जिवाणू, अशी प्रक्रिया करूनच लावा. फुकटचं बेणं फार महाग पडतं.